आदळआपट कीस्टोनच्या आधीची आहे

मॅक सेनेटने १९१२ साली अमेरिकेत कीस्टोन ही चित्रपट कंपनी काढली आणि पडद्यावरचा स्लॅपस्टिक, म्हणजे आदळआपटीचा विनोद जन्माला आला. त्याआधीचे फ्रेंच लघुपट म्हणजे कॅमेऱ्यासमोर केलेले रंगमंचीय चाळे होते आणि चॅप्लिनपुढे निभाव न लागल्याने ते संपले, असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातले कीस्टोनचे साल तेवढे बरोबर आहे.

आधी जन्माचा मुद्दा पाहू. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ काफेत ल्युमिएर बंधूंनी दाखवलेल्या दहा लघुपटांत माळ्याच्या नळीवर पाय ठेवून त्याला भिजवणाऱ्या पोराची गंमत होती. ती एकटीदुकटी म्हणून सोडून दिली, तरी १९०६ पासून फ्रान्सची पाथे कंपनी आंद्रे दीद या नटाला ब्वारो या धांदरट पात्राच्या रूपात पडद्यावर आणत होती, आणि तो इतका चालला की पुढे तुरिनच्या इताला कंपनीने त्याला आपल्याकडे ओढून घेतले. खुद्द सेनेटनेही आपल्या सुरुवातीच्या कल्पना पाथेच्या चित्रपटांतून उचलल्याचे कबूल केले आहे. अर्थात ही उचलेगिरी दोन्ही बाजूंनी चाले. लग्नासाठी जाहिरात देणाऱ्या गृहस्थामागे बायकांचा लोंढा लागतो, हा अमेरिकी बायोग्राफ कंपनीचा १९०४ मधला विषय पाथेने पुढच्याच वर्षी बेधडक वापरला होता.

‘रंगमंचीय चाळे’ हा शेरा मात्र हे लघुपट न पाहताच मारलेला दिसतो. फेर्दिनां झेकाच्या १९०७ मधल्या पाथेपटात खाटकाच्या दुकानातून मांस पळवणाऱ्या कुत्र्यामागे पोलिसांची अख्खी फौज धावते आणि त्याच्या मागोमाग इमारतीच्या उभ्या भिंतीवरही चढते. भिंतीचे चित्र जमिनीवर अंथरून वरून कॅमेरा लावल्यामुळे हे साधले. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला असे दृश्य कोणत्याही खुर्चीवरून दिसणे शक्य नव्हते. शेवटी कुत्राच पोलिसांना पळवून लावतो. कीस्टोनच्या चित्रपटांतल्या गाजलेल्या पोलिसांच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. गोमाँ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीत दिग्दर्शक झाँ द्युराँने तर कमालच केली. त्याच्या १९१२ मधल्या लघुपटात एर्नेस्त बुर्बाँने रंगवलेला ओनेझीम वारसा मिळण्यासाठी वीस वर्षे थांबायला तयार नसतो, म्हणून तो शहराच्या मुख्य घड्याळातच खोडी करून काळ पळवतो, आणि सारे पॅरिस धडाधड धावू लागते. चित्रीकरणाचा वेग घटवला की पडद्यावरची हालचाल वाढते, हे यंत्राचे साधे गणित इथे थेट कथानक बनले आहे. याला चित्रित नाटक म्हणणे मला तरी जमणार नाही.

राहिला चॅप्लिन. त्याचा पहिला चित्रपट फेब्रुवारी १९१४ मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्सभर सैन्यभरतीचा हुकूम निघून नट, कारागीर आणि चित्रीकरण सारेच विस्कटले. सहा महिन्यांत कोणी कोणाला हरवत नसते. शिवाय चॅप्लिन एसाने ही अमेरिकी कंपनी सोडून म्युच्युअल कंपनीकडे गेला, तेव्हा एसानेने बोलावले ते फ्रान्सचा विनोदी नट मॅक्स लिंडर यालाच, आणि चॅप्लिनने लिंडरला दिलेल्या छायाचित्रावर त्याला गुरू व स्वतःला शिष्य म्हटले होते. लिंडरचे तिथले १९१७ मधले तीन चित्रपट फारसे चालले नाहीत, हे मात्र खरे; युद्धाने त्याची प्रकृती तोवर पार खालावली होती.