वास नाही म्हणून अपाय नाही? हे कोणी ठरवलं?

परवा ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. 'घरच्या घरी कयाक बांधा. इपॉक्सी रेझिनला वास नाही, म्हणजे अपाय नाही. हाताला लागलं तर थिनरने पुसा. साधा मास्क पुरे. थंडीत हार्डनर थोडा जास्त टाका. काम झाल्यावर गूळ खा. एकदा वाळलं की ते प्लास्टिकच!' खाली ताईची ओळ : "बघ, तू उगाच घाबरवतोस त्याला."

त्याला म्हणजे माझ्या भाच्याला. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये स्वतः बांधलेली कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, घालायची म्हणून पठ्ठ्याने मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवूड, आणून पार्किंगमध्ये रचलाय. त्यावर चढवायची ती इपॉक्सी रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारा चिकट द्रव. हौस झकास आहे. हा मेसेज मात्र ज्याने लिहिलाय, त्याने रेझिनचा डबा लांबूनच पाहिला असावा.

वासाचंच घ्या. पॉलिएस्टर हे फायबरच्या कामातलं दुसरं रेझिन. त्याला वास येतो तो स्टायरीनचा, म्हणजे त्यातल्या उडून जाणाऱ्या द्रवाचा. डोकं धरतं, माणूस मुकाट्याने दारं-खिडक्या उघडतो. इपॉक्सी तशी डोक्यात जात नाही, म्हणून तिच्यात बिनधास्त हात घातला जातो. आणि तिचा खरा त्रास नाकाला नाहीच, कातडीला आहे. पहिल्या दिवशी काही होत नाही. महिनाभर होत नाही. मग एक दिवस मनगटाला खाज सुटते, बोटांच्या बेचक्यात पाण्याचे फोड येतात, पापण्या सुजतात. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्माची सोबत. पुढे थेंबभर रेझिनही पुरतं.

मी हे वाचून सांगत नाही. अंबडच्या एका फायबर शॉपमध्ये, म्हणजे फायबरग्लासच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात, अकरा वर्षं काढली. हातमोजे मागितले की उत्तर यायचं, "एवढे नाजूक हात असतील तर ऑफिसात बस." पाळी सुटताना आम्ही सगळे ॲसिटोनच्या, म्हणजे थिनरसारख्याच द्रवाच्या, डब्यात हात बुचकळायचो. आता कुणाच्या शेडमध्ये इपॉक्सी घासायला घेतली की माझे डोळे संध्याकाळपर्यंत सुजतात.

माझ्यावर विश्वास नसेल तर रेझिनची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोके लिहिलेला कागद, मागा, विकणाऱ्याकडे असते. नेहमीच्या इपॉक्सी रेझिनच्या शीटवर एच३१७ हा शेरा सापडेल : त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. अमाइन जातीच्या रसायनांपासून केलेल्या बऱ्याच हार्डनरवर त्याच्या जोडीला एच३१४ : त्वचा गंभीर भाजते, डोळ्यांना इजा होते. बनवणारा स्वतः लिहून देतोय, आणि आपण विश्वास ठेवायचा फॉरवर्डवर!

थिनरचा सल्ला तर उलटाच. थिनर कातडीचं तेल काढतो, रेझिन पातळ करून पसरवतो आणि आत शिरायला वाट करून देतो. कोरड्या कागदाने टिपायचं, मग साबण नि पाणी. मुळात नायट्राइलचे हातमोजे घालायचे, आणि रेझिन लागलं की बदलायचे.

जास्त हार्डनर ही पॉलिएस्टरवाल्यांची खोड. तिथे कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन कडक करायला घालतात ते रसायन, वाढवला की रेझिन लवकर धरतं. इपॉक्सीत माप ठरलेलं असतं. जास्तीचा हार्डनर कच्चाच राहतो, आणि तो तुमच्याच हाताला लागतो.

साधा मास्क घासताना थोडीफार धूळ अडवेल, वाफ नाही. पॉलिएस्टर वापरणार असाल तर ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा, म्हणजे रसायनांची वाफ शोषणाऱ्या डबीचा, मास्क हवा. स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलंय. पॉलिएस्टरचा कॅटॅलिस्ट डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, आणि तो कोबाल्टमध्ये, म्हणजे रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात त्या दुसऱ्या रसायनात, थेट ओतला तर भडका उडतो. गूळ? खा की, जेवणानंतर छान लागतो. फोडांचा आणि त्याचा काय संबंध?

राहिलं 'वाळलं की प्लास्टिक'. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. नीट पिकलेली, म्हणजे आतपर्यंत पूर्ण कडक झालेली, इपॉक्सी बरीच निरुपद्रवी असते. पण 'वाळली' आणि 'पिकली' यात फरक आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तिथे उघड्या पार्किंगमधली इपॉक्सी सकाळी हाताला कडक लागली तरी आतून कच्ची असते. ती तशीच घासली तर उडणारी धूळही कच्चीच. आठवडाभर थांबा. घासताना पेपर चिकट होऊन भरत असेल तर अजून थांबा, आणि मग पाणी मारून घासा.

ताई, रविवारी हातमोज्यांचं खोकं घेऊन येतोय. तोवर त्याला डबा उघडू देऊ नकोस.