वहिनीच्या कंबरेचे टक्के

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका विशेष शाळेत मी मदतनीस आहे. वर्गात नऊ मुलं, एक शिक्षिका आणि आम्ही चौघी. कामावर रुजू झाले त्या दिवशी मुलांची नावं कळायच्या आधी मला एकच गोष्ट बजावली गेली: कुठल्याही मुलाला हातानं उचलायचं नाही. खुर्चीतून गादीवर न्यायचं तर छताला रूळ आहे, त्यावरून सरकणारं उचलयंत्र आहे, झोळीसारखा पट्टा आहे. तेही एकटीनं चालवायचं नाही, दोघी लागतात. दरवर्षी त्याचं प्रशिक्षण आणि खाली सही. कामावरच्या माणसानं ओझं कसं उचलावं याचे १९९२ पासूनचे सरकारी नियम इथं आहेत, आणि त्यात जपायची असते ती माझी पाठ.

त्या रात्री तासगावकडं आमच्या गावी फोन केला. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा रडला नाही; पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली. आज वजन चोवीस किलो. अंथरुणातून मोरीत, मोरीतून खुर्चीत, खुर्चीतून ओसरीवर, दिवसातून वीसेक वेळा वहिनी त्याला उचलतात. यंत्राचं सांगितलं तर हसायला लागल्या. "उचलायचं यंत्र असतंय व्हय वन्सं? मग तुम्ही बायका दिवसभर करताय तरी काय?"

मलाही हसू आलं. पण तेव्हापासून गावाकडच्या चर्चा ऐकताना माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी जातं.

सध्याची मोठी चर्चा बोगस दिव्यांगांची. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, त्यानंतर राज्यात प्रमाणपत्रं तपासायची मोहीम निघाली. तपासा की. खोटं प्रमाणपत्र काढणाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती होऊ दे. पण या सगळ्या आरडाओरड्यात प्रश्न एकच उरतो: अपंगत्व किती टक्के? सवलतींसाठी लागणाऱ्या चाळीसच्या वर की खाली? आमच्या गल्लीतली माणसंसुद्धा पोराची चौकशी करताना तब्येत विचारत नाहीत, टक्के विचारतात. भाच्याचे टक्के काढायला वहिनी गेल्या तेव्हा त्या सरकारी दवाखान्यातली लिफ्ट बंद होती. तीन जिने त्यांनी त्याला कडेवर चढवलं. वर गेल्यावर डॉक्टरांनी पोराचे गुडघे तपासले, हात तपासले, टक्के लिहिले. जिने चढून आलेल्या बाईची कंबर तपासायला कागदावर रकानाच नव्हता.

रकाना नाही, हेच माझं दुखणं आहे. आपल्याकडं या पोरांसाठी काहीच नाही असं मी म्हणणार नाही. इथल्या मराठी मंडळात तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मला त्यांचा राग येतो. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाली. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात लाखापर्यंतचा उपचारखर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. एसटीत भाच्याला पंच्याहत्तर टक्के सवलत, आणि २०२३ पासून वहिनींना बाई म्हणून अर्धं तिकीट. फिजिओथेरपीला मिरजेला जाणं त्यामुळं परवडतं. मिरज तर वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून दवाखान्यांचं गाव. पण एसटीच्या पायऱ्या उंच. पोराला कडेवर घेऊन त्या चढायच्या, एका हातात पिशवी, आणि कंडक्टर चांगला असला तर तो पिशवी धरणार.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली. भाच्याला ती मिळत नाही, कारण दादाची द्राक्षबाग आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्यात तो बसत नाही. बागेवर कर्ज किती आणि अवकाळीनं किती घड कुजले, हे त्या दाखल्यात येत नाही. वहिनींना लाडकी बहीणचे दीड हजार येतात. गंमत बघा, बहीण म्हणून येतात. आई म्हणून त्या जे करतात त्याचा सरकारदरबारी एक रुपयाही नाही.

इथं त्याचा रकाना आहे, एवढंच. आठवड्याला पस्तीस तास काळजी घेणाऱ्याला इथं केअरर्स अलाउन्स मिळतो. २०२५-२६ साली तो आठवड्याला ८३ पौंड ३० पेन्स होता. भागाकार करा: तासाला २ पौंड ३८ पेन्स, आणि त्याच वर्षी इथलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स. म्हणजे इथलं सरकारही आईला पाचव्या हिश्श्यात राबवतं. त्यातून कुणी बाई अर्धवेळ काम करून ठरलेल्या मर्यादेच्या वर चार पौंड कमावून बसली, तर त्या आठवड्याचा अख्खा भत्ता परत मागतात. वर्षांनंतर हजारो पौंडांची वसुली आलेल्या बायका इथल्या पेपरांनी दाखवल्या आहेत.

आणि आपल्यासारख्यांना तर तेही नाही. नोकरीच्या व्हिसावर 'सरकारी मदत नाही' अशी अट असते. माझ्या ओळखीचं कोल्हापूरकडचं एक जोडपं आहे, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी ऑटिस्टिक. कर दोघांच्या वाट्याचा भरतात, आरोग्याचा अधिभार वेगळा भरतात. मुलीचा भत्ता मात्र कायमचा परवाना मिळेपर्यंत मागायचा नाही. शाळा तेवढी मिळाली. ती मिळवायलाही त्या बाईनं दोन वर्षं घालवली. मुलाच्या गरजांचा कायदेशीर आराखडा वीस आठवड्यांत द्यायचा असा नियम आहे, आणि २०२४ साली निम्म्याहून जास्त आराखडे त्या मुदतीत झाले नाहीत. वर नगरपालिका नकार देते, आईबाप लवादाकडं जातात, आणि निकालापर्यंत पोचलेल्या बहुतेक सगळ्या प्रकरणांत आईबापच जिंकतात. मग नकार दिलाच कशाला? कारण सगळेच लढत नाहीत. ज्याला इंग्रजी कागद वाचता येतो, रजा काढता येते, तो लढतो. इथल्या चर्चाही आता आपल्याच वळणावर आल्या आहेत: या पोरांना शाळेत नेणाऱ्या टॅक्सीवर किती खर्च होतो, सगळ्यांनाच कसं काहीतरी निघतं, आईबाप किती आगाऊ झालेत. संशयाच्या बाबतीत लेस्टर आणि तासगाव एकाच शिवारात आहेत.

तरी एक गोष्ट मला इथून उचलून न्यावीशी वाटते. उचलयंत्र नव्हे, वहिनींच्या न्हाणीघराचं छत पत्र्याचं आहे. आमच्या शाळेत शनिवारी दोन तास क्लब असतो. मुलं आमच्याकडं असतात, चित्रं काढतात, गाणी ऐकतात. काळजी घेणाऱ्या आईबापांना अशी उसंत देणं हे इथल्या नगरपालिकांवर २०११ पासून बंधन आहे. पैशाची ओढाताण आहे, तास कमी होत चाललेत, तरी बंधन आहे. सुरुवातीला वाटायचं, या बाया आता बाजाराला जात असतील. एकदा काहीतरी आणायला पार्किंगमध्ये गेले तर चार गाड्यांमध्ये चार आया झोपलेल्या. सीट मागं पाडून, तोंडावर कोट घेऊन.

वहिनींना शेवटची अशी दुपार कधी मिळाली? छाटणीच्या दिवसांत बागेत बायका लागतात, तेव्हा त्या भाच्याला बांधावर चादर टाकून ठेवतात आणि दर दहा मिनिटांनी वळून बघतात. शाळेच्या पटावर तो आहे, विशेष शिक्षक घरी येतात आणि मनापासून शिकवतात, पण त्यांच्या वाट्याला गावं इतकी आहेत की घरी सगळं मिळून तासभर. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर मोठ्या माणसाच्या मापाची निघाली, तिच्यावर हल्ली द्राक्षाचे क्रेट असतात.

आपल्या कायद्यात हे नाहीच असंही नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळनं 'आश्वासकिरणम' नावानं काळजी घेणाऱ्यांना दरमहा भत्ता सुरू केला, पुढं तो सहाशे रुपये झाला. सहाशे म्हणजे काहीच नाही, पण रकाना झाला. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या गावात ते मार्चअखेर सगळ्यांना सारखे वाटून टाकतात, माणशी थोडीथोडी रक्कम, फोटो, नारळ. त्याच पैशात बचत गटातली एखादी बाई आठवड्यातून चार दुपारी गावातल्या अशा तीन-चार घरांत बसू शकेल. तिलाही काम, आईलाही दुपार. हे मी दादाला फोनवर सांगितलं. मला वाटलं, 'तू आपली तिकडं बसून बोल' म्हणेल. त्यानं अर्ज लिहिला.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो वाचला गेला. कुणी विरोध केला नाही, एक-दोघांनी मान डोलावली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि खरोखरच अडचणीत पडल्यासारखं दादाला विचारलं, "सगळं बरोबर आहे पाटील, पण हे मी कुठल्या हेडखाली टाकू?"