जीवदया फक्त दाणे टिपणाऱ्यांसाठी?

बडोदेकर मंडळी, आज जरा लांबलचक लिहिते आहे. विषय घारींचा आहे आणि तो आता तुमच्या-माझ्या गच्चीपर्यंत आला आहे.

नीट बघितलं तर शिकारी पक्षी आपल्या अगदी दाराशी आलेले दिसतील. मोबाइलच्या टॉवरवर घारीचं घरटं असतं. एसीच्या बाहेरच्या डब्यावर शिक्रा बसतो. आकाराने कबुतराएवढाच, पण लाल डोळे आणि छातीवर तांबूस आडव्या रेषा, की एकदा पाहिला की विसरता येत नाही. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर गव्हाणी घुबडं आहेत, आणि संध्याकाळी दिव्याच्या खांबावर पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, येऊन बसतो. लहानपणी आम्हाला असे पक्षी कमाटीबागेच्या पिंजऱ्यात दाखवायला नेत. आता माझी नात स्वयंपाकघराच्या खिडकीतून घार बघते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आसपासच्या बऱ्याच जणांना मात्र तसं वाटत नाही. त्यांच्याशी भांडण नाही, पण मला माझं म्हणणं मांडायचंच आहे.

आपलं शहर जीवदयेचं आहे. चबुतऱ्यावर ज्वारी टाकणारे, गाईला पहिली पोळी देणारे, मुंग्यांना साखर घालणारे लोक मी जन्मापासून बघते आहे आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण शिक्र्याने कबूतर धरलं की तीच माणसं त्याला दगड मारतात. "बेन, आ तो हिंसक पक्षी छे," असं मला परवा एका सज्जन गृहस्थांनी समजावलं. मी त्यांना एवढंच विचारलं, की त्याने काय खावं? त्याला ज्वारी पचत नाही. त्याची चोच, त्याची नखं, त्याचं पोट, सगळं मांसासाठीच घडलेलं आहे. उंदीर, सरडे, खारी, लहान पाखरं खाऊन तो पिल्लं वाढवतो. दाणे टिपणाऱ्यांनाच जगू द्यायचं आणि बाकीच्यांना हाकलायचं, ही दया मला अपुरी वाटते.

आणि हे पक्षी शहरात आले ते काही वाट चुकून नव्हे. आधी गिधाडांचं काय झालं ते आठवा. गावाबाहेर मेलेलं ढोर पडलं की गिधाडं त्याचा फडशा पाडत. 1990च्या दशकात ती पटापट मरू लागली. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली जनावरं मेली की गिधाडं ती खात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे कारण जगाला 2004 साली कळलं, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात 99 टक्क्यांहून जास्त घटली होती. जे मांस गिधाडं संपवत, ते आता कुत्रे, कावळे आणि घारींच्या वाट्याला आलं. घार तशी जुळवून घेणारी. मेलेला उंदीर, मासळीबाजारातली आतडी, हॉटेलच्या मागचा कचरा, काहीही तिला चालतं. उंच झाडं कमी झाली तर टॉवर आणि हायमास्टचे खांब आहेतच. तिला बोलावणं आपणच धाडलं आहे.

आता माझ्या सोसायटीतली गोष्ट. शेजारच्या बेननी गच्चीवर पापड वाळत घातले होते. वरून घारीच्या पायातून कोंबडीची तंगडी सुटली ती थेट पापडांवर. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. सगळे पापड त्यांनी टाकून दिले आणि गच्ची दोनदा धुतली. त्यांचा त्रास खरा आहे, तो मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण ती तंगडी घारीने कुठून आणली? पलीकडच्या रस्त्यावर उघड्यावर टाकलेल्या ढिगातून. विमान नियम 1937 मधला 91वा नियम सांगतो, की विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकायला मनाई आहे, कारण घार इंजिनात शिरली तर शेकडो माणसांच्या जिवाशी गाठ. हरणीच्या विमानतळापासून 10 किलोमीटर मोजले तर जवळजवळ अख्खं बडोदं त्यात येतं. तक्रार करायचीच तर ढिगाची करू. त्या अर्जावर पहिली सही मी करेन.

त्यानंतर विषय निघाला घरट्याचा. आमच्या आवाराच्या कोपऱ्यात उंच नीलगिरी आहे, तिच्या शेंड्याजवळ घारीच्या जोडीने घरटं केलं आहे. आता तिथे पिल्लं असावीत, कारण मादी गच्चीवर येणाऱ्यांवर झेप घालते. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या डोक्याला नखाचा ओरखडा आला, टीटीचं इंजेक्शन घ्यावं लागलं. त्याची आई घाबरली, ते साहजिक आहे. पण लगेच ग्रुपवर ठरायला लागलं, की माणूस बोलवा आणि फांदी उतरवून टाका.

मी तिथेही लिहिलं, इथेही लिहिते: हे करायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणं हेही येतं. म्हणजे फांदी उतरवणं ही कायद्याने शिकार ठरते. कायदा बाजूला ठेवला तरी, घार चिडते ती पिल्लं आहेत तेवढ्याच दिवसांत. आपल्याकडे ती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंडी घालते, महिनाभर उबवते, मग दीड-दोन महिन्यांत पिल्लं उडतात. पावसाळ्याच्या आत सगळं आटोपतं. "घार फिरते आकाशी, लक्ष तिचे पिल्लांपाशी" ही म्हण आपण लेकरांना मोठ्या कौतुकाने शिकवतो, आणि ते लक्ष खरोखर दिसलं की करवत मागवतो?

उपाय साधे आहेत. घार बहुतेक वेळा पाठीमागून, डोक्यावर येते. छत्री उघडून गच्चीत जा, म्हणजे तिला डोकं सापडत नाही. झाडाच्या बाजूचा गच्चीचा कोपरा उन्हाळा संपेपर्यंत बंद ठेवा आणि जिन्याच्या दारावर पाटी लावा. मुलांना एकटं वर पाठवू नका. आणि कृपा करून कुणी तिला मटणाचे तुकडे फेकून खायला घालू नका. माणसाच्या हातून अन्न मिळतं हे घारीला कळलं की ती मुलांच्या हातातली पोळी ओढून नेते, आणि मग लोक तिच्याच जिवावर उठतात.

मला याहून जास्त राग येतो तो उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दोऱ्याचा. मी स्वतः पतंगवेडी आहे. गेंडीगेटला जाऊन फिरकी रंगवून आणणाऱ्या घरात वाढले, उंधियू-जिलेबीशिवाय माझा 14 जानेवारी होत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायणही आम्ही सोडत नाही. म्हणून सण बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण जानेवारी म्हणजे घारींचे घरटं बांधायचे दिवस. जवळपास दीड मीटर पंखांचा हा पक्षी वजनाला बहुधा किलोच्याही आत भरतो. वाऱ्यावर तरंगताना ताणलेला मांजा त्याला दिसत नाही. खांद्यापासून पंखाच्या सांध्यापर्यंत पुढच्या बाजूला कातडीचा पातळ पडदा असतो, तो कापला जातो. खोल गेला तर स्नायू आणि हाडही. जखम भरली तरी पंख पूर्वीसारखा उघडेलच असं नाही, आणि उडता न येणाऱ्या घारीला शिकार कुठली? ती उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात काढते.

राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो गुपचूप विकला जातो, आणि आपल्यातलेच लोक विकत घेतात. पक्षी वाचवण्यासाठीचं गुजरात सरकारचं करुणा अभियान दर जानेवारीत सांगतं, की सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 5 नंतर पतंग उडवू नका, कारण त्याच वेळी पक्षी मुक्कामावरून निघतात आणि परततात. घुबडं तर बाहेर पडतात तीच तिन्हीसांजेला. एवढं पाळलं तर सणाचं काय कमी होतं? मधे आठ तास उरतात.

सण संपला तरी दोरा तसाच लटकत राहतो. झाडांवर, तारांवर, अँटेनांवर. घार घरट्यात चिंध्या, सुतळ्या, प्लॅस्टिक, जे मिळेल ते अंथरते, आणि तो गुंता पिल्लांच्या पायात अडकतो. आमच्या इमारतीतली मुलं यंदा काठीला आकडा बांधून दोरे उतरवत फिरली. गोळा झालेले गुच्छ बारीक कापूनच कचऱ्यात टाकायचे, अख्खे टाकले की ते पुन्हा कुणाच्या तरी पायात जातात.

जखमी घार सापडली तर घाबरू नका. तिची चोच नव्हे, नखं सांभाळा. जाड टॉवेल किंवा गोधडी डोक्यासकट टाका, डोळ्यांपुढे अंधार झाला की ती शांत होते. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. अडकलेला दोरा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि जखमेतला तुकडा डॉक्टरांसाठी राहू द्या. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. हळद-बिळद लावू नका. गुजरातभर 1962 या नंबरवर जनावरांची करुणा अँब्युलन्स मिळते, तिथे फोन करा. आणि पिल्लू खाली पडलेलं दिसलं, जखम नसेल, तर ते घरी आणू नका. जवळच्या झाडावर किंवा उंच पाळीवर ठेवा आणि लांब व्हा. आईबाप त्याला तिथे येऊन भरवतात.