‘व्हिसाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्यांविषयी

गेल्या महिनाभरात माझ्या तीन जुन्या विद्यार्थ्यांनी थायलंडमधील इंग्रजी शिक्षकाच्या नोकरीचे ऑफर लेटर मला पाठवून एकच प्रश्न विचारला, "मॅडम, हे खरं आहे का?" तिघेही एम.ए. आहेत, दोघे सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहेत आणि तिघेही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. ज्यांचे मानधन दिवाळीला मिळेल की मार्चअखेरीस, हे प्राचार्यांनाही सांगता येत नाही, त्यांना परदेशातून आलेल्या पत्राचा मोह पडला तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. मीही त्याच वाटेने गेले आहे आणि पहिल्या खेपेला पैसे गमावून बसले आहे.

तेव्हा एका एजंटाने फोनवर जेमतेम दहा मिनिटे बोलून माझी ‘निवड’ केली. मी कशी शिकवते, हे त्याला किंवा त्या तथाकथित शाळेला पाहावेसेच वाटले नाही. पत्रावर वरच्या बाजूला शाळेचे नाव होते आणि खालच्या गोल शिक्क्यात कुठल्या तरी कंपनीचे. हा फरक मला दिसला होता. ‘असेल त्यांची संस्था’ अशी समजूतही मीच घालून घेतली. ऐंशी हजार रुपये ‘प्रोसेसिंग’साठी भरले, पावती मागितली तेव्हा "तिकिटाबरोबर देतो" असे उत्तर आले, आणि निघायच्या आठवडाभर आधी त्याचा फोन कायमचा बंद झाला. बाबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

पुढे रीतसर नोकरी मिळून मी तीन वर्षे थायलंडमध्ये शिकवले, तेव्हा खरी प्रक्रिया कशी असते ते कळले. तिथे शिकवायचे तर नॉन-इमिग्रंट बी प्रकारचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी शाळेला स्वतःची नोंदणी, नेमणुकीचे पत्र वगैरे कागद द्यावे लागतात. वर्क परमिट त्याच शाळेच्या नावाशी बांधलेले असते. शिवाय कुरुसपा, म्हणजे तिथली शिक्षक परिषद, हिचा परवाना किंवा तात्पुरती सूट मिळवावी लागते, आणि तो अर्जही शाळेमार्फतच जातो. म्हणून माझे मत असे झाले आहे की, परदेशातील नोकरी विश्वासार्ह आहे की नाही हे पगाराच्या आकड्यावरून ठरवूच नये. ती शाळा तुमच्यासाठी कोणता कागद स्वतःच्या नावाने सरकारदरबारी दाखल करायला तयार आहे, एवढेच पाहावे. फसवणाऱ्याला पगार कितीही लिहिता येतो, पण दुसऱ्या देशाच्या कामगार खात्यात जाऊन तो तुमच्यासाठी सही करणार नाही.

"आधी टुरिस्ट म्हणून या, व्हिसाचं नंतर बघू" हे वाक्य तर २०२४ मध्ये फारच सोपे झाले, कारण त्या वर्षी थायलंडने भारतीयांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा दिली. ही मुभा फिरण्याची होती. त्यावर वर्गात उभे राहणे हा तिथे गुन्हा आहे आणि पकडले जाते ते शिक्षकाला. तिथे पोहोचल्यावर व्हिसाचा प्रकार बदलून घेता येतो, हे एजंट सांगतात ते खोटे नाही. परंतु त्यासाठीही शाळेचेच कागद लागतात, मग ते विमानात बसण्यापूर्वी दाखवायला कोणाची हरकत असावी? थायलंडच्या सीमेवरचे मे सोत आणि नदीपलीकडचे म्यानमारमधील म्यावाडी ही नावे आता आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येऊन गेली आहेत. नोकरीच्या आमिषाने तिकडच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांना बहुधा संगणकावरच्या कामाची लालूच दाखवली होती, शिक्षकाच्या नोकरीची नव्हे. पण अशा ठिकाणी चांगले इंग्रजी लिहिणारा माणूस हवाच असतो, हे आपण लक्षात ठेवलेले बरे.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत वाटतो तितका आंधळा नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते, आणि त्याने घ्यायचे शुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त असू शकत नाही. हे मला माझे पैसे बुडाल्यानंतर कळले.

सर्टिफिकेटांच्या बाबतीतही असाच घोळ आहे. १२० तासांचे ऑनलाइन टेफल, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण, वाईट असते असे नाही, पण ते देणाऱ्या सगळ्यांवर कोणा एका संस्थेचे नियंत्रण नाही. उलट केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या अभ्यासक्रमामध्ये सहा तास प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवावा लागतो. दक्षिण कोरियात तर इ-२ या भाषा-शिक्षकांच्या व्हिसावर इंग्रजी शिकवायला मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांचेच नागरिक घेतात, आणि भारतीयांसाठी असलेली वाट अरुंद आहे, तिला शिक्षक म्हणून पात्रता लागते. तेव्हा ‘टेफल करा, कोरियात नोकरीची हमी’ ही जाहिरात वाचून मला हसू येते, आणि थोडा संतापही. पासपोर्ट पाहून इंग्रजी जोखण्याची ही पद्धत मला मान्य नाही. पण ती नाहीच, असे भासवून पैसे उकळणे त्याहून वाईट.

आणखी एक सवय मी लावून घेतली आहे. शाळा ज्या शिक्षकाशी बोलायला सांगते त्याच्याशी जरूर बोलावे, पण गेल्या वर्षी ती शाळा सोडून गेलेल्याला शोधून काढावे आणि एकच विचारावे: शेवटच्या महिन्याचा पगार मिळाला का?

त्या तिघांपैकी दोघांना मी वर्क परमिटचा अर्ज कोण करणार, एवढेच लेखी विचारायला लावले. दोघांनाही अजून उत्तर नाही. तिसरीकडून मात्र शाळेने व्हिडिओवर वीस मिनिटांचा डेमो तास घेतला, पोलिस क्लिअरन्स मागितले, आणि आता पदवी खरी असल्याचे विद्यापीठाचे पत्र हवे आहे. त्यासाठी ती परीक्षा विभागाच्या खिडकीवर चौथ्यांदा जाऊन आली. "साहेब जेवायला गेलेत" असे तिला चारही वेळा सांगण्यात आले. ती वैतागली आहे, आणि मला तिची काळजी वाटेनाशी झाली आहे.