बाउन्स झाला म्हणजे नक्की काय झालं?

फोनवर कुणी नुसतं "बाउन्स झाला" म्हटलं, की हसावं की धसका घ्यावा ते मला कळत नाही. चेंडू झाला तर चांगलंच. चेक झाला तर बोंब. केस होत असतील तर पार्लरचे पैसे वसूल. इंग्रजांनी एकाच शब्दाला सगळीकडे राबवलंय. आपल्याकडे चेंडूचा टप्पा पडतो, शेअर बाजार उसळी घेतो, पत्र परत येतं आणि चेक वटत नाही. अर्थात आपणही काही कमी नाही. चेक वटला की पैसे, भूमिका वठली की टाळ्या आणि झाड वठलं की कुऱ्हाड!

चेंडूचा हिशोब त्यातल्या त्यात सरळ. टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. डबा उघडून महिने झाले की आतली हवा झिरपते आणि चेंडू 'मरतो'. मग तो गल्लीत येतो, जिथे एक टप्पा, एक हात म्हणजे आउट.

ईमेल परत आला तर सोबतच्या संदेशातल्या एरर कोडचा आकडा बघावा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, ५ ने असेल तर कायमची. बऱ्याचदा जीमेलमधल्या 'ए' आणि 'आय'नी जागा बदललेल्या असतात.

खरा छळ चेकचा. खात्यात पैसे नाहीत हे एकच कारण नसतं. सही जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रकमेचा मेळ नाही, तारखेला तीन महिने उलटून गेले, काहीही चालतं. रकमेवर खाडाखोड करून शेजारी सही ठोकायची जुनी खोड तर सोडाच, सरळ नवा चेक लिहा. पैशांअभावी परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस धाडायची, स्पीड पोस्टाने, आणि पावती जपायची. नोटीस हाती पडल्यावर समोरच्याला १५ दिवस. तरी हलला नाही, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोक नेमके पहिले ३० दिवस "देतो हो, पुढच्या सोमवारी"वर घालवतात.

आणि हे सगळं फक्त देण्याघेण्याच्या चेकला. मामांनी आहेरात दिलेला चेक परत आला तर १३८ लागत नाही. आहेर हे कायद्याने वसूल करता येणारं देणं नव्हे. तिथे मामींकडे अपील करावं, तेही दिवाळीनंतर.

हल्ली लग्नाच्या हॉलच्या दारात काळा टी-शर्ट घालून बाउन्सरही उभे असतात. स्वतः जागचे हलत नाहीत, नको त्याला मात्र रस्त्यापर्यंत उसळवतात. चेकवाले मामा आले की ते अदबीने बाजूला होतात.