कातळावरचा हत्ती आणि जगाचा कर्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जगाला आरंभ असेल तर संकल्प करणारा कर्ताही हवा, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. रत्नागिरीजवळच्या उक्षीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती पाहून कोरणारा आठवतो, कारण माणसाला दगड कोरताना आपण पाहिलेले असते. विश्व घडताना मात्र कोणी पाहिले, हा पहिला. प्रत्येक गोष्टीला कर्ता हवा तर देवाला कोणी केले, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात देता येते. प्रत्येक गोष्टीला कारण असते असे ईश्वराला जगाचा कर्ता मानणारे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतच नाहीत. जे उत्पन्न होते त्याला कारण असते, एवढेच ते म्हणतात. परमाणू आणि आकाश यांनाही न्यायदर्शन अनादी मानते, तेव्हा ही सवलत एकट्या ईश्वरासाठी राखून ठेवलेली नाही.

पहिला आक्षेप वजनदार आहे आणि तो स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्याही हजार वर्षे आधी बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने घेतलेला आहे. घडा मातीचा आणि त्याला कुंभार असतो, म्हणून मातीच्याच वारुळालाही कुंभार मानायचा काय, असे त्याने सातव्या शतकात विचारले. सड्यावर याचा पडताळा येतो. हत्तीच्या सोंडेची आणि पाठीची रेषा कोणीतरी हेतूने वळवली आहे, याविषयी कोणाला शंका येत नाही. पण त्याच जांभ्यात पावसाने झिजवलेले खळगेही असतात आणि त्यांचा कर्ता कोणी शोधत बसत नाही. म्हणजे नुसत्या आकारावरून कर्ता सिद्ध होत नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त कार्यत्वावरून, म्हणजे जग हे उत्पन्न झालेले कार्य आहे यावरून, केलेले ईश्वराचे अनुमानही, माझ्या मते, येथेच अडखळते. रामानुजाचार्यांसारख्या परम ईश्वरभक्ताने 'श्रीभाष्या'त अशा अनुमानाचे खंडन केले आहे, ही गोष्ट आपल्याकडचे आस्तिक सहसा सांगत नाहीत.

माझी भिस्त मात्र आकारावर नसून आरंभावर होती. विश्वाचे प्रसरण सुमारे १३८० कोटी वर्षे मागे नेता येते, परंतु तोच निरपेक्ष आरंभ होता, असा निर्वाळा भौतिकशास्त्र देत नाही. म्हणून आरंभ हे मी गृहीतक म्हणूनच घेतो. ते मान्य केले की प्रश्न असा उभा राहतो : कारण अनादी आणि जड, म्हणजे अचेतन, असेल, आणि कार्याला लागणारे सर्व काही त्याच्यात सदैव असेल, तर कार्यही अनादीच असायला हवे, कारण पुरेसे असूनही कार्य खोळंबले, असे जडाच्या बाबतीत कसे घडेल? अकराव्या शतकाच्या अखेरीस इस्लामी तत्त्वचिंतक अल-गझालीने याला दिलेले उत्तर मला आजही सर्वांत भक्कम वाटते. अगदी सारख्या दोन खजुरांपैकी एकच घेता येणार असेल, तर भुकेला माणूस उपाशी न राहता एक उचलतो. सारख्यांतून एकाची निवड करणे हेच इच्छेचे लक्षण होय. अनादी कारणापासून सादी, म्हणजे आरंभ असलेले, कार्य व्हायचे, तर त्या कारणाला संकल्प हवा, आणि संकल्प करणाऱ्याला आपण व्यक्ती म्हणतो.

संकल्प न मानता निव्वळ संभाव्यतेने आरंभ झाला असेल, असे आपण म्हणू शकता. पण एखादी घटना घडण्याची शक्यता मोजायला आधी काळ लागतो, आणि येथे तर काळाच्याच आरंभाचा विचार चालू आहे. संकल्पालाही काळ लागतो, असे आपण उलट विचाराल. विचारविनिमयाला लागतो, हे खरे, परंतु संकल्प अनादी आणि त्याचे फळ सादी, यात मला विसंगती दिसत नाही.

गणपतीपुळ्याला ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, तो यातून सिद्ध होत नाही आणि तसा माझा दावाही नाही. आपल्याला आरंभच अमान्य असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. मग अनादी भूतकाळ शक्य आहे का, यावर वाद होईल, आणि तेथे जगाची उत्पत्तीच न मानणारे मीमांसक आपल्या बाजूने उभे राहतील.