भाच्याला शिअरर कळत नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटलाय तो ठाण्यात बसून लिव्हरपूल फुटबॉल क्लबसाठी जीव टाकणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या क्लबच्या सरावाकडे पाठ फिरवून आमचा स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक सप्टेंबर २०२५ मध्ये साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला, तेव्हा यानं लिहिलं, "प्रोफेशनल माणूस असाच वागतो. नाहीतर तुझा शिअरर. दहा वर्षं एकाच क्लबात, आणि मिळालं काय? एक कप नाही!"

बाकीच्यांनी अंगठे दिले. माझं डोकं तेव्हापासून फिरलेलं आहे.

ॲलन शिअरर, आमचा जुना स्ट्रायकर, इथलाच, न्यूकॅसलमधल्या गॉसफर्थचा. पत्र्याचं काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. ब्लॅकबर्न क्लबला १९९५ मध्ये इंग्लंडची लीग जिंकून दिल्यावर मँचेस्टर युनायटेड त्याच्यासाठी गळ टाकून बसली होती. तिथं गेला असता तर घरातलं कपाट ट्रॉफ्यांना पुरलं नसतं. १९९६ मध्ये तो न्यूकॅसलला आला. १९९८ आणि १९९९, लागोपाठ दोन एफए कपच्या अंतिम सामन्यांत हरला. गोल मात्र २०६ केले आणि क्लबच्याच जॅकी मिलबर्नचा सर्वाधिक गोलांचा जुना विक्रम मोडून २००६ मध्ये बूट टांगले.

त्याची शेवटची वर्षं मी स्टेडियमच्या गॅलोगेट स्टँडमधून पाहिली. खेळ देखणा वगैरे नव्हता. पाठीवर बचावपटू घ्यायचा, कोपरं बाहेर काढायची, चेंडू टिकवायचा, आणि जागा मिळाली की असा हाणायचा की गोलकीपरनं हात आखडता घ्यावा. डिसेंबर २००२ मध्ये एव्हर्टनविरुद्ध चेंडू खाली पडू न देता लांबून मारलेली ती व्हॉली! मग एकच हात वर, तळवा उघडा, आणि धावत सुटायचं. ना कोलांटी, ना नाच. हल्लीच्या पोरांना हे रटाळ वाटतं, वाटू दे.

आणि प्रोफेशनलपणाचं मला कोण सांगतंय? २०२४ मध्ये हार्दिक गुजरातहून मुंबईचा कर्णधार होऊन आला, तेव्हा वानखेडेवर त्याची हुर्यो उडवणाऱ्यांत हाच भाचा होता. तेव्हा कुठं गेलं होतं करिअर?

त्यावर तो म्हणाला, शिअररनंही साउदॅम्प्टन सोडलं, ब्लॅकबर्न सोडलं, आणि न्यूकॅसलला आला तोसुद्धा दीड कोटी पौंडांना, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला. मी उत्तरादाखल मिलबर्नला मागं टाकणारा २०६ चा आकडा परत पाठवला. इसाकनंच मार्च २०२५ मध्ये वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध गोल केला आणि सत्तर वर्षांनी क्लबला देशातला कप मिळाला, हेही मी तिथं काढलं नाही. त्या कपाच्या मिरवणुकीत टाउन मूरच्या मैदानावर मी इसाकच्याच नावानं घसा फोडून घेतला होता.

मग आला तो मेसेज. "मामा, तू कुठे थांबलास?"

ग्रुपवर एकदम शांतता. ताईनं त्याला दटावलंसुद्धा नाही. ती कशाला दटावेल? आईची दोन्ही ऑपरेशनं, वाड्याची भाऊबंदकी, सगळं तिनं एकटीनं ओढलं. मी तेव्हा इथून पैसे पाठवत होतो आणि शनिवारी मॅच बघत होतो. पुण्यातली नोकरी बरी चालली होती, हाकलून कुणी दिलं नव्हतं. इथं जास्त मिळत होतं, आलो. आणि इतकी वर्षं राहूनही टॅक्सीवाला विचारतो, मूळचे कुठले? स्टेडियममध्ये तेवढं कुणी विचारत नाही. तिथं घरी परतून मग न हललेल्या माणसाचं नाव घेऊन ओरडलं की मीही इथलाच होतो.

तरी इसाक आणि मी एक नव्हे. मी सरावाला दांडी मारली नव्हती. नोटीस पिरियड पूर्ण भरला, नव्या माणसाला काम शिकवलं, मगच विमानात बसलो. हे मी ग्रुपवर लिहिलं. भाच्यानं हसण्याचा इमोजी टाकला, ताईनं नुसतं वाचलं. भाच्याशी मी अजून भांडतोय. ताईला काय लिहावं, ते सुचत नाही.